साक्षीदाराची निवड

घरफोडीची फिर्याद दाखल झाल्यावर पंचनाम्यासाठी आलेले पोलीस हल्ली सर्वांत आधी विचारतात ते हे की, आवारात कॅमेरा आहे काय. पुष्कळ ठिकाणी तो असतो, त्याचे चित्रणही शाबूत असते, आणि ते पाहिल्यावर एवढेच निष्पन्न होते की, रात्री दोनच्या सुमारास मध्यम बांध्याची एक व्यक्ती जिन्याच्या दिशेने गेली आणि काही वेळाने परत आली. ती व्यक्ती कोण, हे सांगण्यास ते चित्र असमर्थ असते. मालकाने पैसे मोजलेले असतात, यंत्र बिघडलेले नसते, तारा तुटलेल्या नसतात. तरीही ज्या एका क्षणासाठी हा सारा खटाटोप केला, नेमक्या त्या क्षणी तो फलद्रूप होत नाही. याचे मूळ शोधू गेल्यास ते बहुधा खरेदीच्या दिवसापर्यंत मागे जाते.

ही खरेदी आपल्याकडे होते कशी? शेजारच्या इमारतीत चोरी झाल्याची वार्ता येते, घरात किंवा सोसायटीच्या सभेत चार दिवस तीच चर्चा चालते, आणि मग दुकानदाराचे दरपत्रक हाती पडते: चार कॅमेरे, एक डीव्हीआर, एक टीबीची हार्ड डिस्क, नव्वद मीटर थ्री प्लस वन केबल, फिटिंगसह अमुक रक्कम. या दरपत्रकात वस्तूंचा तपशील असतो. परंतु त्या चार कॅमेऱ्यांपैकी प्रत्येकाने आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे, याचा त्यात उल्लेख नसतो आणि ग्राहकही तो विचारीत नाही. कॅमेरा चोराला अडवीत नाही, दार धरून ठेवीत नाही, हाकही मारीत नाही. तो साक्षीदार आहे, आणि न्यायालयात साक्षीदाराला उलटतपासणीत जे विचारतात तेच त्याला नेमण्यापूर्वी विचारले पाहिजे: तू कोठे उभा राहणार, किती अंतरावरून पाहणार, त्या वेळी उजेड कसा असेल, माणूस ओळखू शकशील काय, पाहिलेले किती दिवस ध्यानात ठेवशील, आणि तुझ्या सांगण्यावर विश्वास का ठेवावा.

या यंत्राचा उगम युद्धातला आहे. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ अग्निबाणाच्या चाचण्या सुरक्षित अंतरावरून पाहता याव्यात म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याच्या साहाय्याने बंद परिपथाची दूरचित्रव्यवस्था उभारण्यात आली. परंतु घरासाठी तिचा विचार प्रथम ज्या व्यक्तीने केला तिची कथा आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिका होत्या. त्यांच्या आणि त्यांच्या पतीच्या कामाच्या वेळा अनियमित असत, वस्तीत गुन्हे वाढले होते आणि पोलीस येण्यास विलंब लागे. १९६६ मध्ये या दांपत्याने एकस्वासाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले. त्यांच्या रचनेत दारावर निरनिराळ्या उंचीवर पाहण्याची भोके होती, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा होता, आतल्या खोलीत पडदा होता, आगंतुकाशी बोलण्याची सोय होती, आणि दार दुरून उघडण्याची तसेच मदतीसाठी इशारा देण्याची तजवीज होती. या बाईंनी सुरुवात कॅमेऱ्यापासून केली नाही. दाराबाहेर कोण उभे आहे, या एका प्रश्नापासून केली, आणि उंच माणसापासून लहान मुलापर्यंत सर्वांचा चेहरा दिसावा म्हणून भोकांच्या उंचीचाही विचार केला. साठ वर्षांनंतर आपण अंगणाच्या कोपऱ्यात वर छताला कॅमेरा टांगतो आणि चेहऱ्याऐवजी डोक्याचा माथा टिपून घेतो, तेव्हा त्यांनी जाणलेली गोष्ट आपण विसरलेलो असतो.

प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक ‘कोण’ हा, आणि दुसरा ‘काय घडले’ हा. करसल्लागाराचे तीन खोल्यांचे कार्यालय घेतले तर प्रवेशद्वाराशी कोण आले हे कळले पाहिजे, आणि आतल्या दप्तराच्या कपाटापाशी काय घडले हे कळले पाहिजे. पहिल्या कामासाठी अरुंद आणि जवळचे दृश्य लागते. दुसऱ्यासाठी खोलीभर पसरणारे रुंद दृश्य पुरते, कारण त्या खोलीत वावरणारा माणूस दारातून आत आला तेव्हाच ओळखला गेलेला असतो. एकाच कॅमेऱ्याकडून ही दोन्ही कामे एकदम करून घेण्याचा आग्रह, हीच बहुतेक फसलेल्या व्यवस्थांची जन्मकथा आहे.

येथे थोडे गणित करावे लागेल, आणि ते ज्याने एकदा समजून घेतले त्याला दुकानातील ‘मेगापिक्सेल’ या शब्दाची भुरळ पुन्हा पडणार नाही. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने चित्रनिगराणीसाठी २०१४ मध्ये जे प्रमाण ठरवले, त्यात दृश्याच्या दर मीटर रुंदीमागे चित्राचे किती बिंदू पडतात यावरून पायऱ्या केल्या होत्या; त्यांतील चार आपल्या कामाच्या आहेत. पंचवीस बिंदू असतील तर तेथे कोणी आहे एवढे कळते. बासष्टच्या आसपास असतील तर त्याचा पेहराव, हालचाल ध्यानात येते. एकशेपंचवीस असतील तर पूर्वी पाहिलेला माणूस हाच, असे परिचिताला सांगता येते. आणि अनोळखी इसमाची ओळख खात्रीने पटवायची तर अडीचशे बिंदू लागतात. माणसाचा चेहरा सुमारे सोळा सेंटिमीटर रुंद धरला तर अडीचशेच्या हिशेबाने त्यावर चाळीस बिंदू पडतात. त्यापेक्षा कमी बिंदूंत डोळे, नाक, जिवणी यांच्या रेषा एकमेकींत मिसळू लागतात.

आता सर्वसामान्य दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊ. त्याच्या चित्राची रुंदी १९२० बिंदूंची असते. तिला अडीचशेने भागले तर सुमारे पावणेआठ मीटर येतात. म्हणजे समोरच्या दृश्याची रुंदी पावणेआठ मीटरच्या आत असेल तोवरच ओळख पटण्याजोगा चेहरा मिळेल. आपल्याकडे सर्रास बसवले जाते ते २.८ मिलिमीटरचे भिंग सुमारे शंभर अंशांचा कोन व्यापते, आणि त्या कोनात दृश्य इतके झपाट्याने फाकत जाते की, केवळ सव्वातीन मीटरवर, म्हणजे दहा-अकरा फुटांवरच ते पावणेआठ मीटर रुंद होते. त्यापलीकडचा माणूस दिसतो, पण ओळखू येत नाही. तेच कॅमेऱ्याचे यंत्र कायम ठेवून ६ मिलिमीटरचे भिंग घेतले तर कोन साधारण पन्नास अंशांवर येतो आणि ओळख पटण्याची मर्यादा आठ मीटरपर्यंत लांबते. दोहोंची किंमत जवळजवळ सारखीच असते. याउलट २.८ चेच भिंग ठेवून दोन मेगापिक्सेलऐवजी चौपट बिंदूंचा, आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला, तर बिंदू चौपट होऊनही ओळखीचे अंतर केवळ दुप्पट होते, कारण चौपटीचा अर्धा वाटा उंचीच्या दिशेने खर्च होतो. शिवाय एवढ्याच आकाराच्या संवेदकावर अधिक बिंदू बसवायचे म्हणजे प्रत्येक बिंदू लहान करावा लागतो आणि त्याच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. म्हणून दिवसा डोळे दिपवणारे हे चित्र रात्री मातकट झालेले पुष्कळदा आढळते. माझे स्पष्ट मत असे की, लहान घराला आणि कार्यालयाला दोन ते चार मेगापिक्सेल पुरेसे असतात, आणि उरलेला पैसा भिंगाच्या निवडीकडे व जागेच्या विचाराकडे वळवावा.

उंचीविषयीही असेच. कॅमेरा कोणी फोडू नये म्हणून तो बारा-चौदा फुटांवर चढवतात, आणि तेथून टोपी, ओढणीचा पदर किंवा छत्री यांखेरीज काही दिसत नाही. चेहऱ्यासाठी नेमलेला कॅमेरा सात-आठ फुटांवर असावा, माणूस त्याच्याकडे काही पावले तोंड करून चालत येईल अशा जागी असावा, आणि हात पोहोचण्याची भीती असेल तर आघात सोसणाऱ्या कवचाचा डोम घ्यावा. त्याच्या वर्णनात ‘आयके १०’ अशी खूण असते. उघड्यावरच्या कॅमेऱ्याला पाऊस-धुळीपासून संरक्षण दर्शवणारी ‘आयपी ६६’ किंवा ‘आयपी ६७’ ही खूण पाहावी. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने कॅमेऱ्याआधी त्याची जोडणी गंजते, म्हणून तेथे तारेचे सांधे बंद पेटीत घेण्याचा आग्रह धरावा.

प्रकाशाचा प्रश्न दिवसा आणि रात्री निरनिराळा असतो. दुकानाचे किंवा कार्यालयाचे दार बाहेर उन्हाकडे उघडत असेल तर आत येणाऱ्या माणसामागे लख्ख उजेड असतो आणि कॅमेरा त्या उजेडाशी जुळवून घेताना माणसाची काळी आकृती करून टाकतो. असा मागून येणारा प्रकाश सावरून घेण्याची शक्ती ज्यात असते त्या कॅमेऱ्याच्या वर्णनात ‘डब्ल्यूडीआर’ ही अक्षरे असतात आणि त्यांपुढे डेसिबलचा आकडा असतो. १२० किंवा त्याच्या जवळचा आकडा असेल तर ती शक्ती खरी समजावी. रात्री बहुतेक कॅमेरे अवरक्त दिव्यांच्या साहाय्याने पाहतात. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा मंद तांबडा ठिपका अंधारात दिसतो. ९४० नॅनोमीटरचे दिवे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्लाही तोकडा असतो. अवरक्त प्रकाशातील चित्र रंगहीन असते, आणि सदऱ्याचा किंवा मोटारीचा रंग ही तपासातली महत्त्वाची खूण त्यात हरवते. म्हणून दारावर पांढऱ्या उजेडाचा साधा, मिणमिणता का होईना, दिवा रात्रभर लावणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. त्याने चित्राला रंग येतो आणि आडबाजूला उभे राहणाऱ्याला आडोसा उरत नाही.

अवरक्त दिव्यांची आणखी एक खोड पावसाळ्यात कळते. किडे त्यांच्याकडे धाव घेतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि भिंगापुढे जाळे विणले गेले की रात्री ते जाळेच झळाळून उठते व मागचे सारे दृश्य काळोखात जाते. कॅमेरा पांढऱ्या भिंतीला किंवा सज्ज्याच्या छताला चिकटून बसवला असेल तरीही हेच होते, कारण जवळच्या भिंतीवरून परतलेला प्रकाश त्याला आंधळा करतो. महिन्यातून एकदा कोरड्या, मऊ कापडाने भिंग पुसणे हे देखभालीचे जे काम, ते वार्षिक करारात स्पष्टपणे लिहून घ्यावे किंवा घरातल्या कोणीतरी अंगावर घ्यावे.

तारेच्या आणि बिनतारी पद्धतींचा वाद मला फार मोठा वाटत नाही. जुन्या इमारतीत भिंतीतून समाक्ष केबल आधीच गेलेली असेल आणि ती धड असेल तर त्याच केबलवर आजचे उत्तम स्पष्टतेचे कॅमेरे डीव्हीआर या रेकॉर्डरला जोडता येतात. ती उखडण्याचे कारण नाही. नवे बांधकाम असेल तर संगणकाची कॅट सिक्स केबल, पीओई स्विच आणि एनव्हीआर हा रेकॉर्डर अशी रचना करावी, कारण तीत एकाच तारेतून वीज आणि चित्र दोन्ही जातात आणि शंभर मीटरपर्यंत ती बिनघोर चालते. डीव्हीआरच्या पद्धतीत बारा व्होल्टची वीज लांबच्या, बारीक तारेतून नेली तर ती वाटेत क्षीण होते. दिवसा काही जाणवत नाही, आणि रात्री अवरक्त दिवे लागून वीज अधिक लागू लागली की चित्र थरथरते किंवा बंद पडते. ‘कॅमेरा फक्त रात्री बिघडतो’ या नेहमीच्या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते. वाय-फायचे कॅमेरे भाड्याच्या घरात, जेथे भिंतीला भोके पाडण्याची मुभा नाही, तेथे कामाचे आहेत; मात्र त्यांचे चित्रण आतल्या मेमरी कार्डावरच राहत असेल तर चोर कॅमेऱ्यासह पुरावाही घेऊन जातो, हे लक्षात ठेवून दुसरीकडे प्रत जाण्याची व्यवस्था करावी. कोणतीही पद्धत घेतली तरी रेकॉर्डर, विजेचा पुरवठा करणारा एसएमपीएस आणि इंटरनेटचा राउटर ही तिन्ही इन्व्हर्टरवर असली पाहिजेत. चार कॅमेऱ्यांची सारी व्यवस्था एखाद्या छताच्या पंख्याच्या आसपास वीज घेते; तेवढा भार घरच्या इन्व्हर्टरला जड नाही.

स्मरणाच्या मुदतीचा विचार मात्र सावकाश करण्यासारखा आहे, कारण येथे ग्राहकाला आकडा सांगितला जातो आणि त्याचा अर्थ सांगितला जात नाही. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्रण आजच्या ‘एच.२६५’ या संकोचन पद्धतीने सेकंदाला सुमारे दोन मेगाबिट या वेगाने साठवले तर एका अहोरात्रीला साडेएकवीस जीबींहून थोडी अधिक जागा लागते. चार कॅमेऱ्यांना रोज सुमारे शहाऐंशी. म्हणजे दरपत्रकातील एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि त्यानंतर यंत्र सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहू लागते. जुन्या ‘एच.२६४’ पद्धतीत हा अवधी निम्म्यावर येऊ शकतो. आता गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुटीत गावी गेलेले कुटुंब वीस दिवसांनी परतते आणि कुलूप तुटलेले पाहते, तेव्हा चोरी जर पहिल्याच आठवड्यात झाली असेल तर तिची साक्ष पुसली गेलेली असते. म्हणून घर जास्तीत जास्त किती दिवस बंद राहते तो आकडा धरावा आणि त्यात आठवडाभराची भर घालावी. दुकानात मालाची मोजदाद महिन्याने होत असेल तर पंचेचाळीस दिवसांची साठवण हवी; चार कॅमेऱ्यांना त्यासाठी चार टीबीची डिस्क लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांविषयी जो आदेश दिला त्यात चित्रण शक्यतो अठरा महिने आणि निदान एक वर्ष राखण्यास सांगितले. अर्थात तेथे प्रश्न कोठडीतील माणसाच्या जिवाचा आणि अब्रूचा होता, घराला तेवढ्या मुदतीची गरज नाही. डिस्क मात्र निगराणीच्या कामासाठी बनवलेलीच घ्यावी, कारण अहोरात्र लिहीत राहणे हे साध्या संगणकाच्या डिस्कचे काम नव्हे.

आणि यंत्राचे घड्याळ बरोबर असावे. ही बाब इतकी क्षुल्लक वाटते की, तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण रेकॉर्डरमधील लहान बॅटरी संपली आणि वीज जाऊन आली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग चित्रण खरे असूनही आरोपीच्या वकिलाला पहिली हरकत घेण्यास आयते कारण मिळते.

हरकतीचा विषय निघालाच आहे तर कायद्याकडे वळू, कारण या बाबतीतला देशभर प्रमाण मानला गेलेला निर्णय आपल्याच जालन्याच्या एका वादातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर स्वीकारले गेले, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता, आणि त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाचा पुरावा पुढे आला. त्या चित्रणासोबत कायद्याने आवश्यक असलेले प्रमाणपत्र मागणी करूनही अधिकाऱ्यांकडून मिळाले नव्हते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १४ जुलै २०२० च्या निकालाने असे ठरले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ज्या मूळ यंत्रात ती नोंद प्रथम झाली ते यंत्रच मालकाने न्यायालयात हजर केले तर त्याची गरज नाही. हे तत्त्व तेव्हा भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली मांडले गेले; १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आले आहे, आणि त्यातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता फाइलची अंकीय मुद्रा, म्हणजे हॅश मूल्य, नोंदवावे लागते. यातून गृहस्थाने घ्यावयाचा व्यवहारी बोध असा: रेकॉर्डरच्या पडद्याचे मोबाइलवर घेतलेले चित्रण व्हॉट्सॲपने पाठवून थांबू नये. रेकॉर्डरमधूनच मूळ स्वरूपातील फाइल उतरवून घ्यावी, ती कोणी, कधी, कोणत्या यंत्रातून उतरवली याची लेखी नोंद करावी, आणि गंभीर गुन्हा असेल तर रेकॉर्डर बंद करून डिस्क तशीच पोलिसांच्या मुद्देमालात रीतसर पावती घेऊन जमा करावी.

साक्षीदार फितूर होऊ नये, ही शेवटची खातरजमा. आणि इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत ही भीती काल्पनिक नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील अनेक मोठ्या संकेतस्थळांचा व्यवहार काही तास कोलमडला, तो ‘मिराई’ नावाच्या एका घातक प्रणालीने, आणि तिने ज्या हजारो यंत्रांना वेठीस धरले त्यांत घरोघरचे कॅमेरे आणि डीव्हीआर होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्यांच्या मालकांनी बदललेलाच नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटमधील एका प्रसूतिगृहात तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांचे चित्रण बाहेर फुटून विकले गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा या दुबळेपणाची किंमत कोणाला मोजावी लागते हे आपल्या देशानेही पाहिले. त्या स्त्रियांनी कोणताही कॅमेरा विकत घेतला नव्हता, कोणताही पासवर्ड ठरवला नव्हता.

भारत सरकारने ९ एप्रिल २०२४ रोजी सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे आवश्यक निकष अधिसूचित केले आणि वर्षभराने, ९ एप्रिल २०२५ पासून, ते अंमलात आले. त्यानुसार कॅमेऱ्याचे यंत्र आणि त्यातील आज्ञावली या दोहोंची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत परीक्षा व्हावी लागते. ग्राहकाने दुकानदाराकडे या निकषांच्या पूर्ततेची विचारणा करावी आणि पावतीवर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. पण सरकारी शिक्का घराच्या दाराशी येऊन थांबतो. आत पुढची जबाबदारी मालकाची. बसवणारा कारागीर सोयीसाठी स्वतःच्या मोबाइलवरून ॲपमध्ये यंत्राची नोंदणी करतो, साधा पासवर्ड ठेवतो आणि काम संपवून जातो. म्हणजे आपल्या घराची किल्ली कायमची त्याच्याकडे राहते. नोंदणी मालकाच्या क्रमांकावर, मालकाच्या हातानेच व्हावी. पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. आणि जेथे दुरून पाहण्याची खरोखर गरज नाही तेथे रेकॉर्डर इंटरनेटला जोडूच नये. अशी न जोडलेली व्यवस्थाही साक्षीचे काम पूर्णपणे करते.

आता ज्यांच्यावर हा डोळा रोखला जातो त्यांच्याविषयी. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. कोलकात्यात एकाच वास्तूत राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे लावले, तेव्हा २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ते चालवण्यास मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही. व्यक्तीच्या खासगी अंगाचे चित्रण तिच्या संमतीवाचून करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहे. निव्वळ घरगुती हेतूला त्यातून सूट आहे, कार्यालयाला ती नाही.

पण मला येथे कायद्याहून अधिक काही म्हणायचे आहे. पुण्यात किंवा नाशिकमध्ये एकटे राहणारे वृद्ध आईवडील आणि न्यू जर्सीत किंवा म्युनिकमध्ये नोकरीला असलेली मुले, हे चित्र आता आपल्या मध्यमवर्गात घरोघरचे झाले आहे, आणि मुले सुटीवर येतात तेव्हा परतण्यापूर्वी दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, कधी शयनगृहातही कॅमेरा बसवून जातात. त्यांच्या काळजीबद्दल मला शंका नाही. परंतु ज्या आईने आयुष्यभर घरात मोकळेपणाने वावर केला तिला पदर सावरताना, देवापुढे पुटपुटताना, औषध घेण्यास टाळाटाळ करताना कोणीतरी पाहत आहे ही जाणीव दिवसभर बाळगायला लावणे, ही लहान गोष्ट नव्हे. दारावरचा कॅमेरा, जिन्यावरचा कॅमेरा, पडल्यास मदतीला बोलावता येईल असे गळ्यातले बटण, आणि रोज ठरल्या वेळी एक फोन, एवढ्याने काळजीचा मोठा भाग भागतो. आतल्या खोलीत कॅमेरा हवाच असेल तर तो कोठे असावा, केव्हा बंद असावा, हे आईवडिलांनी ठरवावे. तीच गोष्ट घरी कामाला येणाऱ्या मावशींची आणि कार्यालयातील कारकुनाची: कॅमेरा कोठे आहे, चित्रण कोण पाहतो, किती दिवस राहते, हे त्यांना पहिल्या दिवशी सांगावे आणि दर्शनी भागी तशी पाटी लावावी. ध्वनिमुद्रण बंद ठेवावे. चोरी ओळखण्यास माणसांची आपसांतली बोलणी लागत नाहीत. समोरच्या बिऱ्हाडाचे दार दृश्यात येत असेल तर आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा तेवढा भाग झाकण्याची सोय असते. ती वापरून झाकलेले चित्र शेजाऱ्यांना स्वतः दाखवावे.

हे सर्व ठरल्यावर बिल चुकते करण्याचा प्रश्न उरतो. कामाची एकतृतीयांश रक्कम हातची राखावी आणि कारागिराला दिवस मावळल्यावर एकदा बोलवावे. घराबाहेरच्या एखाद्या माणसाला दारापर्यंत नेहमीच्या चालीने चालत येण्यास सांगावे, मग घरातले दिवे मालवून पुन्हा एकदा. नंतर मुख्य वीज बंद करून यंत्र इन्व्हर्टरवर चालू राहते काय, आणि वीज परत आल्यावर घड्याळ बरोबर आहे काय, हे पाहावे. त्या चालण्याचे चित्रण रेकॉर्डरमधून शोधून काढून पेन ड्राइव्हवर उतरवणे मालकाने कारागिराच्या मदतीवाचून स्वतः शिकावे, आणि ते दुसऱ्या संगणकावर लावून, त्या माणसाला न ओळखणाऱ्या कोणाला तरी दाखवून, चार छायाचित्रांतून तो निवडता येतो काय ते विचारावे. निवडता आला तर उरलेली रक्कम द्यावी. न आल्यास भिंग किंवा जागा बदलून घ्यावी आणि दुसऱ्या रात्री हीच परीक्षा पुन्हा करावी.